एक्याण्णव भामटा हाय

फोड आक्का फळ्यासमोर उभ्या राहिल्या की संख्या घाबरतात, असं आमच्या शाळेतली पोरं सांगत, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. एखादी गलेलठ्ठ चार अंकी संख्या फळ्यावर ऐटीत बसलेली असायची. आक्का तिच्या डाव्या अंगाला एक उभी रेघ ओढायच्या, रेघेच्या अलीकडे खडू टेकवायच्या आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. डोळे वटारणं नाही, आवाज चढवणं नाही. त्या थांबण्यात असा काही दरारा होता की संख्येला घाम फुटत असणार. मला तर फुटायचाच. पन्नाशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप, सरकारी पगार घेणारा शिक्षक असूनही फुटायचा.

खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते मुख्याध्यापकांनाही आठवावं लागे. पोरांनी ठेवलेलं नाव हेच खरं. कुणीही गणित घेऊन गेलं की आक्कांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "फोड." संख्या दिसली की फोडायची, तिचे तुकडे फोडायचे, फुटायचं थांबेस्तोवर फोडायचं. जे तुकडे कशानंच फुटत नाहीत ते मूळ अवयव. मूठभर हाडाची, पायात कोल्हापुरी, खांद्याला कापडी पिशवी, अशी ही बाई गारगोटीच्या रस्त्यावरच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत दोन पिढ्यांची गणितं फोडत होती. चौथीतला पोरगा बाप होऊन आपल्या पोराला शाळेत घालायला आला की तिच्या नजरेला नजर न देता खाली बघून उभा राहायचा.

आक्का आणि मी कोल्हापूरहून एकाच बसनं जात-येत असू, आणि शाळेत आमचा एक बिनबोभाट करार होता. माझ्या वर्गाचा गणिताचा तास त्या घ्यायच्या, त्यांच्या वर्गाचा मराठीचा मी. दोघंही खूश. मी नाटकवाला माणूस. कवितेला चाल लावावी, स्नेहसंमेलनात पोरांना दाढीमिशा चिकटवाव्यात, पडद्यामागून गर्जना करावी, यात माझा जन्म गेला. भागाकार दिसला की मी वही मिटून ठेवी, ती सवय बालवयापासूनची. आक्कांना उलट कवितेची भीती वाटायची. "त्यात उत्तर कुठं असतंय ओ, सर?" असं त्या खऱ्या काळजीनं विचारत.

असा सुखाचा संसार चालू असताना वरच्या कोर्टाचा निकाल आला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीसुद्धा पात्रता परीक्षा पास व्हायची, दोन वर्षांत, नाहीतर घरी बसायचं. दीडशे प्रश्न, अडीच तास. बातमी आली तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत चहा होता आणि तो सगळ्यांनी तसाच गार होऊ दिला. आमचे पोवार सर, जे तालमीत वाढले, ज्यांनी तरुणपणी मातीत भलीभली माणसं पाठीवर पाडली, त्यांनी भिंतीला टेकून विचारलं की त्यात गणित असतंय का. असतंय, असं कुणीतरी सांगितलं. पोवार सर हळूच खाली बसले.

ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरली त्यांना सूट होती. आता ऐका, दैव कसं खेळतं ते. आक्का आणि त्यांची धाकटी बहीण एकाच दिवशी शाळेत घातल्या गेल्या होत्या. त्या काळच्या गुरुजींनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोघींना एक जून ही तारीख दिली, आणि लिहिण्याच्या ओघात वर्षही एकच दिलं. थोरली बहीण कागदावर धाकटीची जुळी झाली. त्यामुळे खऱ्या वयानं सूट मिळाली असती, पण कागदाच्या वयानं आक्कांची नोकरी पाच वर्षांवर काही महिने जास्त उरत होती. मी हळहळलो. आक्का म्हणाल्या, "मग बसायचं परीक्षेला. त्यात काय. गणितच हाय की." ते ऐकून मला इतका धीर आला की मी त्यांच्या शिकवणीला जायचं ठरवलं. पोवार सरही आले.

आक्का पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी शाळेवरून आलो की चहा, भडंग आणि गणित. खाली गिरणी चालू असायची, त्यामुळे वरची फरशी सतत थरथरे. ही आमच्यासाठी देवाची कृपा होती. पाय गिरणीनं कापतायत की भीतीनं हे कुणालाच कळत नसे. मी आणि पोवार सर भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसायचो, पुढ्यात पाट्या. हो, पाट्या. वहीत चूक लपवता येते असं आक्कांचं मत.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बारा आणि अठरा यांचा मसावि विचारला. महत्तम साधारण विभाजक. मी छाती काढून छत्तीस म्हणालो. माझा हिशेब साधा होता, महत्तम म्हणजे काहीतरी भव्यच असणार. आक्का थांबल्या. ते थांबणं. पोवार सर माझ्यापासून थोडे लांब सरकले, वीज पडली तर एकट्यावर पडावी म्हणून. मग आक्का म्हणाल्या की महत्तम या शब्दाला भुलू नका. दोन घरं धरा. बाराच्या घरात भांडी कुठली? दोन, दोन, तीन. अठराच्या घरात? दोन, तीन, तीन. आता दोन्ही घरांत सारखी भांडी कुठली ती बाहेर काढा. एक दोन, एक तीन. त्यांचा गुणाकार सहा. "शेजारणीच्या घरात जे न्हाय, ते आपल्या पंगतीला कसं मांडणार?" मला आयुष्यात प्रथम मसावि दिसला. तो सहा होता आणि स्टीलचा होता.

आक्कांकडे घाई हा गुन्हा होता. संख्या फोडताना आधी दोनाला विचारायचं, मग तीनाला, मग पाचाला, ओळीनं. संख्या उघड विषम असली तरी "दोन जात न्हाय" हे तोंडानं म्हणायचं, मगच तीनाकडे वळायचं. मी एकदा धीर करून म्हटलं की दिसतंयच की जात नाही, उगीच कशाला विचारायचं? त्या म्हणाल्या, "दोन थोरलं हाय. थोरल्याला न विचारता धाकट्याकडं जायचं? घरात असं करता का?" मी घरात असंच करतो, पण बोललो नाही.

आणि एक्याण्णव. एके दिवशी एक्याण्णव आणि एकशे तीस यांचा मसावि काढायचा होता. मी एक्याण्णवला दोन विचारलं, तीन विचारलं, पाच विचारलं, आणि ही मूळ संख्या आहे, फुटत नाही, असं जाहीर केलं. आक्कांनी माझी पाटी हातात घेतली आणि एखाद्या चोराची ओळख पटवावी तशी एक्याण्णववर बोट ठेवलं. "एक्याण्णव भामटा हाय. चेहरा बघा कसा केलाय, जसं काय आपल्याला कोण फोडणारच न्हाय. साताला इचारा, लगेच कबूल हुतंय." मी साताला विचारलं. सात तेरं एक्याण्णव. एकशे तीसच्याही घरात तेरा निघाले, आणि मसावि तेरा आला. माझ्यातला नाटकवाला खूश झाला. म्हणजे संख्यांतही सोंगं घेणारे आहेत तर. एक्कावन्न, सत्तावन्न, सत्त्याऐंशी, एकशे एकोणीस, ही सगळी टोळी आक्कांनी आम्हाला एकेक करून दाखवली. पुढे आठवडाभर मी बसमध्ये शेजारच्या माणसांकडेही संशयानं बघत होतो.

भीती मात्र गेली नाही. ती जात नसते, ती फक्त जागा बदलते. आधी ती मसाविची होती, मग घड्याळाची झाली. नोकरी गेली तर या वयात काय करणार, असा प्रश्न मी दाढी करताना आरशातल्या माणसाला विचारे. पोवार सरांनी पेन्सिल पाटीवर टेकवली की ती टकटक वाजे. आक्का मात्र शांत. आमच्या दोघांच्या बुडत्या होडीत त्या वल्ह्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी भ्यायचं असतं, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

ते कळलं एका रविवारी सकाळी. पोवार सरांनी जुनी प्रश्नपत्रिका मिळवली होती, आणि तिघांनीही वेळ लावून ती सोडवायची ठरली. वीज नव्हती म्हणून गिरणी बंद. फरशी हलत नव्हती. अडीच तासांनी पोवार सरांनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि आम्ही एकमेकांचे पेपर तपासले. मी कसाबसा पास. पोवार सर माझ्याहून दोन गुणांनी पुढे, त्यामुळे त्यांनी भडंगाची दुसरी मूठ घेतली. मग मी आक्कांचा पेपर उचलला. जेवढं सोडवलं होतं त्यात एक चूक नाही. एकही नाही. आणि शेवटची कितीतरी पानं कोरी.

मला वाटलं त्यांना पानं उलटायची राहिली. विचारलं, तर आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या. जमीन स्थिर होती, आणि त्यांचे गुडघे हलत होते.

"मला पुढं जाताच येत न्हाय ओ, सर," त्या म्हणाल्या. "संख्या अर्धी फोडून ठिवली आणि पान उलटलं, की मागनं कोणतरी हाक मारतंय असं वाटतंय. मग परत मागं जायाचं. मला ठावं होतं हे. म्हणून तर म्हटलं, त्यात काय."

 वल्ह्यावर बसलेल्या माणसालाच पोहता येत नाही, हे मधल्या पाण्यात कळावं तसं झालं. मग त्यांनी भीत भीत विचारलं, पहिल्यांदाच मी तो स्वर त्यांच्या तोंडून ऐकला, "शाळेतनं काढलं तर मी सकाळी उठून कुठं जायाचं?"

त्या दिवसापासून शिकवणी उलटी झाली. आम्ही दोघं गुरू आणि आक्का शिष्या. विषय, लबाडी. मी त्यांना समजावलं की प्रश्नाखाली चार उत्तरं दिलेली असतात. मसावि विचारलाय ना, मग फोडत बसू नका, दिलेल्या उत्तरांतलं मोठ्यातलं मोठं घ्या, दोन्ही संख्यांना जातं का बघा, जात असलं की गोल काळा करा आणि पुढे पळा. आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना देवळाच्या मागच्या दारानं आत शिरायला सांगत होतो.

"म्हंजे उत्तर बघून उत्तर काढायचं."

व्हय, मी म्हणालो.

"पोरानं असं केलं असतं तर मी काय केलं असतं?"

पोरगा असता तर तुम्ही त्याला उभं केलं असतं, पण पोरांची नोकरी जात नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी पाटी पुढे ओढून घेतली.

पोवार सरांनी कवायतीची शिट्टी आणली. आक्का गणित सोडवायला बसत, एक मिनिट झालं की पोवार सर शिट्टी फुंकत, आणि आक्कांनी असेल तिथे पेन्सिल उचलायची, पुढचा प्रश्न धरायचा. पहिले काही दिवस शिट्टी वाजली की त्या दचकत, पेन्सिल उचलत, पण डोळे मागच्या संख्येवरच. एखाद्या बाईला भरल्या ताटावरून उठवावं तसं ते दिसे. मला बघवत नसे, पण मी दिग्दर्शक होतो आणि दिग्दर्शकानं हळवं होऊन चालत नाही. "चला पुढं, चला पुढं," मी टाळ्या वाजवायचो. खालचा गिरणीवाला एकदा पिठानं पांढरा होऊन वर आला आणि आक्का, वर कवायतीचा क्लास काढलाय काय, असं विचारून गेला. पण हळूहळू जमायला लागलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आक्का शिट्टीसरशी हात उचलू लागल्या. शिवाय आम्ही एक युक्ती ठरवली. गणित शेवटी घ्यायचं. बाकीचं सगळं आधी उरकायचं, म्हणजे अडकायची वेळ आली तरी बाकीचे गुण हातात.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर आम्ही सगळे चपला काढून रांगेत उभे होतो. आयुष्यभर पोरांना रांगेत उभी करणारी माणसं. कुणाच्या डोक्याला टक्कल, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, एक बाई तर ओठांत देवाचं नाव घेत होत्या. घड्याळं काढून घेतली. माझं बाक आक्कांच्या बाकाच्या तिरकस मागे आलं. त्यांची पाठ आणि उजवं कोपर मला दिसत होतं. मला बरं वाटलं. पुढे त्याच कोपरानं माझं रक्त गोठवलं.

सुरुवात छान झाली. आक्कांचं कोपर ठरल्याप्रमाणे हलत होतं, गोल काळा केला, पुढे, गोल काळा केला, पुढे. पानं उलटत होती. मी माझ्या गणितांपर्यंत आलो. एक प्रश्न होता, दोनशे एकवीस आणि दोनशे नव्व्याण्णव यांचा मसावि किती. अकरा, तेरा, सतरा, तेवीस. मी तेवीस लावून पाहिलं, दोनशे एकवीसला जात नव्हतं. सतरा दोनशे नव्व्याण्णवला जात नव्हतं. तेरा दोन्हीला गेलं. गोल काळा, पुढे पळा. मान वर केली आणि पाहिलं.

आक्कांच्या कोपरानं एक उभी रेघ ओढली.

पाठीमागून बघितलं तरी मला ती रेघ दिसली. कोपर सरळ खाली आलं, मग डावीकडे गेलं आणि थांबलं. ते थांबणं मी ओळखलं. दोनाला विचारत होत्या. कोपर जरा हललं. तीनाला. परत थांबलं. पाचाला.  सोडा, आक्का, मी मनात ओरडत होतो, गोलांकडे बघा, तेरा आहे, तेरा. कोपर पुढे जाईना. सात. अकरा. मग ते एकदम भराभर खाली उतरलं, आणि मला हायसं वाटलं, संपलं. इतक्यात बाजूला दुसरी उभी रेघ. आता दोनशे नव्व्याण्णव. पुन्हा दोनापासून. थोरल्याला विचारून.

मी इतका पुढे झुकलो होतो की पर्यवेक्षक माझ्या बाकाशी येऊन उभा राहिला आणि समोर आपल्या कागदावर बघा म्हणाला. दुसऱ्याचा पेपर बघतो असा आळ येऊन माझीच परीक्षा जायची वेळ आली होती. मी मान खाली घातली. मला एकही गणित दिसत नव्हतं. कानात फक्त त्यांच्या पेन्सिलची खरखर. शेवटची सूचना देणारी घंटा झाली तेव्हा मी चोरून पाहिलं. कोपर तिसरीच रेघ ओढत होतं.

बाहेर जिन्यावर गर्दी होती. लोक उत्तरं जुळवत होते. आक्का कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आल्या. मला पाहिल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, दोनशे एकवीसचं उत्तर तेराच आलं न्हवं? मी हो म्हणालो. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मी दोन्ही फोडून बघितलं, तेराच, असं त्या म्हणाल्या. मग पोवार सरांनी बाकीच्या गणितांचं काय, असं विचारलं. आक्का जिन्याच्या खाली बघत राहिल्या.

"हॉलमध्ये शिट्टी न्हवती ओ, सर."

निकाल लागला. मी पास, पोवार सर पास. आक्का थोड्या गुणांनी राहिल्या. बाकी चारही विषयांत त्यांना आमच्याहून चांगले गुण होते, मराठीतसुद्धा. राहिल्या त्या गणितात. बातमी मी फोनवर सांगितली, कारण समोर जाऊन सांगायला छाती नव्हती. पलीकडे गिरणीचा आवाज येत होता. तुम्ही दोघं पास का, त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या, मग चहाला या.

अजून एक संधी होती. आम्ही दोघांनी तिथे बसून त्यांना परोपरीनं सांगितलं. पोवार सर तर म्हणाले की ते रोज शिट्टी घेऊन येतील, पहाटेसुद्धा येतील. आक्कांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, कपात दुसऱ्यांदा चहा ओतला आणि सांगितलं की त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आहे. दुसऱ्यांदा बसले तरी दुसऱ्यांदा तेच करीन, हे त्यांना त्या जिन्यावरच कळलं होतं. "कोणी उठवून घालवण्यापेक्षा आपणहून उठलेलं बरं. आणि मला पोरांना पळायला शिकवायचं न्हाय. चालायला शिकवायचं हाय." पोवार सर उठून पाठ करून खिडकीशी गेले. मातीत कुणी पाडलं तरी हा माणूस कधी रडला नव्हता.

अर्जानंतर नियमाप्रमाणे तीन महिने होते. आक्कांनी ते वाया घालवले नाहीत. पहिल्याच दिवशी त्या माझ्या वर्गात आल्या आणि मला शेवटच्या बाकावर पोरांच्यात बसवलं. त्यांच्यानंतर गणिताचा तास मला घ्यायचा होता. आमचा करार मोडला होता, आणि आता माझ्या आड कुणी नव्हतं. पोरांना या प्रकाराचा विलक्षण आनंद झाला. मी हात वर केला की सगळा वर्ग मागे वळून बघे. माझ्या शेजारी बसणारी चौगुल्यांची पोरगी माझ्या पाटीत डोकावून, सर, तुमचं चुकलंय, असं हळूच सांगायची. पात्रता परीक्षा मी पास झालो होतो, पण या बाकावर मला दरदरून घाम फुटायचा. उत्तरांतून उत्तर शोधणं आणि पस्तीस पोरांसमोर उत्तर का येतं ते सांगणं, यात किती अंतर आहे ते मला तिथे कळलं. आक्कांनी एक नियम मला रोज म्हणायला लावला. एखादी संख्या फुटत नाही असं म्हणायच्या आधी, ज्या मूळ संख्येचा स्वतःशीच केलेला गुणाकार त्या संख्येच्या आत येतो, त्या प्रत्येकीच्या दारावर जाऊन यायचं. एक दार चुकवायचं नाही.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभ करायची आमची तयारी होती. मी भाषणही बसवलं होतं, मधे दोन ठिकाणी आवाज फुटेल अशा जागा ठेवून. आक्कांनी नको म्हणून सांगितलं. शेवटचा तास हाय, तो घेऊ द्या, एवढंच म्हणाल्या. मी माझ्या बाकावर जाऊन बसलो.

त्यांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या. तीनशे तेवीस आणि चारशे सदतीस. मसावि. उभी रेघ ओढली. दोन जात न्हाय, पोरं म्हणाली. तीन जात न्हाय. पाच जात न्हाय. आक्कांनी खडू टेकवला आणि नेहमीसारख्या थांबल्या. पण या वेळी त्या संख्येकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी बोटानं मला पुढे बोलावलं.

मी गेलो. त्यांनी खडू माझ्या हातात ठेवला. 

"पुढचं तुम्ही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या बाजूला उभ्या राहून बघतील. आक्कांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, खांद्याला अडकवली, पोरांकडे एकदा बघितलं आणि दाराबाहेर पडल्या. संख्या फळ्यावर अर्धी होती. मी त्यांना व्हरांड्यातून जाताना पाहत होतो आणि वाट बघत होतो की आता वळतील, मागून कुणी हाक मारल्यासारखं वळतील. त्यांची पावलं एकदा अडखळली. मग त्या फाटकाकडे चालू लागल्या.

मी फळ्याकडे वळलो. साताला विचारलं, जात नव्हतं. अकराला विचारलं, जात नव्हतं. तेराला विचारायला वेळ लागला, तेही जात नव्हतं. खडूला घाम सुटला होता. मागून पोरं चुळबुळ करू लागली. फुटत न्हाय सर ही, मूळच हाय, सोडा, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी री ओढली. रस्त्यावर बस थांबल्याचा आणि सुटल्याचा आवाज आला. फळ्याच्या कोपऱ्यात मी सतरा सत्रे दोनशे एकोणनव्वद मांडलं. तीनशे तेवीसच्या आत होतं. म्हणजे एक दार बाकी होतं.

"गप्प बसा," मी म्हणालो, आणि सतरानं भागायला घेतलं.